खळ घातलेली दुपटी

त्या लाँड्रीवाल्या बाईंना सगळी गल्ली कडककाकू म्हणत असे. स्वभावाने त्या लोण्यासारख्या. नाव पडलं ते त्यांच्या इस्त्रीवरून. त्यांच्या हाताखालून गेलेला सदरा अंगात घातला की माणूस आपोआप ताठ बसे. बँकेतले एक साहेब म्हणायचे, "काकू, तुमची कॉलर लावली की मला शेजारच्या टेबलाकडे मान वळवता येत नाही. काम मात्र दुप्पट होतं!"

अशा काकूंच्या एकुलत्या एक लेकीने ठरवलं की बाळंतपण घरीच करायचं, सुईणीच्या देखरेखीखाली. डॉक्टरांनी सगळं तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. काकूंनी देवापुढे हात जोडले आणि लगेच विचारलं, "मी आत असणार ना?"

"नाही," लेक म्हणाली.

"अगं, नाही म्हणजे?"

"आई, माझी दाढ काढली तेव्हा खुर्चीत मी होते आणि चक्कर तुला आली. मी आ वासून बसलेली आणि डॉक्टर तुला पाणी पाजतायत!"

"त्या दिवशी मी उपाशी होते."

"बाळंतपणाच्या दिवशी काय भरपेट जेवून येणार आहेस?"

जावई मध्ये पडला. "असं करू, सामानाची सगळी तयारी आईंकडे देऊ. ती नीट झाली तर आत घेऊ."

लेकीने आढ्याकडे बघितलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघू." या लेकीचं 'बघू' आजवर फारसं कुणाच्या पदरात पडलं नव्हतं, पण काकूंना तेवढंच पुरलं.

सुईणबाई शिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी यादी लिहून दिली ती लेकीने फ्रिजवर चिकटवली. गादीवर घालायला मेणकापड, त्यावर दोन जुन्या चादरी, आठ टॉवेल, बाळाला सहा दुपटी, दोन झबली आणि टोपी. वारेसाठी झाकणाचा डबा, घासून ठेवलेली बादली, चांगल्या सेलची बॅटरी. आणि ऐन वेळी दवाखान्यात जायची पाळी आली तर एक भरलेली पिशवी दाराशी. कापड सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं, गरम इस्त्री फिरवायची आणि पिशव्यांत बंद करून ठेवायचं.

कापडाचं काम म्हटल्यावर काकूंना काय सांगायला लागणार! त्यांनी सोमवारी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली आणि नामस्मरण करत कामाला लागल्या. टॉवेल उकळले, पिळले, दुपट्यांच्या कडा सुतात आणल्या. हात आपला चालत होता, तोंडात देवाचं नाव, मनात नातवंडाचं नाक कुणावर जाईल याचा विचार. संध्याकाळी पिशव्यांची अशी चळत लागली की बघत राहावं. एकाही घडीचा कोपरा इकडचा तिकडे नव्हता.

मंगळवारी सुईणबाई लेकीच्या घरी तयारी बघायला आल्या. डबा बघितला, बादली उलटी करून बघितली, बॅटरी लावून बघितली. काकू प्रत्येक वस्तूला मान डोलावत होत्या. मग सुईणबाईंनी पिशवीतून झबलं काढून टेबलावर ठेवलं. ते उभं राहिलं.

झबलं दोन्ही बाह्या पसरून उभंच.

"काकू," सुईणबाई शांतपणे म्हणाल्या, "याला खळ घातलीये का?"

काकूंनी कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षांची सवय! धुतलेल्या कपड्याला शेवटचं पाणी खळीचंच, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची पद्धतच उरली नव्हती. सुईणबाईंनी टॉवेल उघडला, तोही पुठ्ठ्यासारखा कडकडत. त्यावर भांडंभर पाणी ओतलं. पाणी घरंगळत थेट जावयाच्या मांडीवर गेलं.

"हे पुसायचं कापड आहे की पत्रा?" लेक हसत सुटली. हसता हसता पोट धरून म्हणाली, "आई, बाळाला या झबल्यात घालायचं की बाळाभोवती ते उभं करायचं?"

काकूही हसल्या, पण सगळ्या पिशव्या परत उचलून घरी निघाल्या. आत जायचा परवाना त्यांनी स्वतःच्या हाताने खळीत बुडवला होता.

बुधवारी त्यांनी सगळं पुन्हा काढलं. कोमट पाण्यात भिजवायचं, चोळायचं, बदलायचं. चौथ्या पाण्याला कुठे कापडाचा चिकटपणा गेला, मग परत उकळून काढलं. दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. एक वकील कोट न्यायला आले, त्यांच्या टकलावर दुपटं थेंब थेंब गळायला लागलं.

"काकू, माझा कोट?"

"उद्या न्या. आज बाळाची तारीख आहे."

गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. काकू मऊ पडलेले, परत इस्त्री फिरवलेले टॉवेल पिशव्यांत भरून धावत आल्या. सुईणबाईंनी एक गालाला लावून बघितला, ठीक म्हणाल्या आणि खोलीचं दार लोटून घेतलं. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. कुणी आत या म्हणालं नाही, आणि विचारायची त्यांची हिंमत होईना. देवाला त्या एवढंच म्हणाल्या, "मी राहिले बाहेर तरी चालेल, तू आत राहा."

तासाभराने आतून लेकीचा आवाज चढला. "जोरात दाब ना कंबर! कुरवाळतोयस काय?" मग जावयाचा रडवेला आवाज, "दाबतोय गं, हात भरून आले."

दार उघडलं. "काकू, कोपरापर्यंत हात धुऊन आत या," सुईणबाई म्हणाल्या.

"तिला चालेल?"

"आई, ये गं लवकर!" आतून हाक आली.

काकूंनी लेकीच्या पाठीमागे गुडघे टेकले, कंबरेखाली, माकडहाडाच्या जरा वर तळवा ठेवला, कोपर ताठ केलं आणि अंगाचा सगळा भार हातावर सोडला. ओल्या जाड चादरीवर अवजड इस्त्री दाबायची ती हीच तऱ्हा. लेकीने लांब श्वास सोडला. "हां. तिथेच. हलवू नकोस."

काकूंनी हात हलवला नाही. मध्ये एकदा डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"पडायचं असेल तर नंतर पड," लेक दातओठ खात म्हणाली.

"नाही पडत. तू तुझं बघ."

कळ आली की दाबायचं, गेली की सैल सोडायचं. दुपार कलायला लागली तेव्हा सुईणबाईंच्या हातात मुलगी आली, लालबुंद आणि चांगलीच रागावलेली. तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. वार पडली, रक्तस्राव बेताचा, सगळं जिथल्या तिथे. जावई भिंतीला टेकून रडत होता. काकूंनी आता हळूच हात काढायला घेतला.

"आई, राहू दे ना अजून थोडा वेळ," लेक डोळे मिटून म्हणाली.

काकूंनी हात परत ठेवला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "डोळे पुसा आणि चहा तुम्हीच टाका. मला काही इतक्यात उठता यायचं नाही."