कडेकडेनं बघणाऱ्या शैलाकाकू

शैलाकाकू बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. तुमच्या खांद्यामागे आणखी कुणी उभं असावं, तशा तिकडे बघून बोलत. त्यांच्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या घरातली वरची खोली भाड्यानं घ्यायला मी गेले, तेव्हा दारातच वाटलं, ह्या बाईंना आपण पसंत पडलेलो नाही. चहाचा मग पुढे करत त्या माझ्या डाव्या कानाला म्हणाल्या, "छान दिसतेस हां. फक्त तुला नाक नाही."

मी दचकले. त्या मनापासून हसल्या. "माझ्या डोळ्यांचा दोष, बाप्पा. मधलं मधलं पुसत चाललंय. सरळ पाहिलं की माणसाच्या तोंडाच्या जागी धुकं. बाजूनं पाहिलं की सापडते माणूस."

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामासाठी तिथं गेले होते. काकू मूळच्या नागपूरच्या, आडनाव मेश्राम. कॉव्हेंट्रीत त्यांनी सगळी नोकरी मिडवाइफ म्हणून केली. कळा देणाऱ्या गोऱ्या बायकांच्या पाठीवरून हात फिरवत त्या मराठीतच म्हणायच्या, "काहून घाई करून राहिली? येते ना ते." बायकांना शब्द कळत नसत, पण श्वास लांब होत, असं त्या सांगत. नोकरी सुटली तरी ते वाक्य सुटलं नव्हतं. मी सकाळी बससाठी पळायला लागले की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "काहून घाई करून राहिली?"

त्यांचे यजमान डॉक्टरकाका भूलतज्ज्ञ होते. उंच, हळुवार आवाजाचे, फार काळजी करणारे. काकूंच्या डोळ्यांवर आता इलाज नाही, पुढच्या वर्षभरात नजर आणखी उतरेल, असं कळलं आणि त्यांनी एक जुनी नॅरोबोट विकत घेतली. रेल्वेच्या डब्यासारखी लांब, आणि आत हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत इतकी अरुंद. तिचं नाव त्यांनी 'मैना' ठेवलं. कॉव्हेंट्रीतून निघायचं आणि कनालकनालनं, म्हणजे कालव्यांच्या वाटेनं, थेट वेल्सपर्यंत जायचं, असा बेत ठरला. तिथं एका खोल दरीवरून लोखंडी पन्हळीतून कनाल जातो, म्हणजे बोट चक्क आकाशातून जाते. ते काकूंना दाखवायचंच, असं काकांनी घेतलं होतं. माझं एक प्रोजेक्ट संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. काकू म्हणाल्या, "चल आमच्यासोबत. आम्ही दोघंच राहिलो तर भांडू."

मे महिना होता. इंजिनाचा ठक-ठक आवाज, चालत्या माणसाचा वेग, दोन्ही काठांवर पांढऱ्या फुलांनी वाकलेल्या झुडपांच्या रांगा. कनालवर पहिले दोन दिवस मी फोनकडे बघत होते. नंतर तो कुठं ठेवला तेही आठवेना. वाटेत लॉक यायचे, म्हणजे पाण्याचे जिने. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं आणि बोट अलगद वर येईपर्यंत वाट बघत उभं राहायचं. काकूंना लॉक फार आवडत. ओल्या दाराला पाठ लावून त्या ते ढकलत आणि म्हणत, "हे बाळंतपणासारखंच आहे. पाणी आपल्या वेळेनंच येणार."

काका मात्र सुकाणूच्या दांड्याशी उभे राहून सारखे सांगत असायचे. "शैला, तो बगळा बघ. शैला, डावीकडे, पुलाखाली, घोडे बोटी ओढायचे त्या दोरांच्या दगडावर खाचा पडल्यात, त्या बघ. अगं, उडाला. बघितलास का?" काकू "हो, हो" म्हणायच्या. कधी बगळा दिसलेला असायचा, कधी नसायचा.

स्टॅफर्डशायरमध्ये एके ठिकाणी कनाल एकदम पसरून तलावासारखा होतो. संध्याकाळी आम्ही तिथं पोचलो. पाणी इतकं स्तब्ध होतं की हंसाची जोडी काचेवरून सरकतेय असं वाटावं. काका म्हणाले, "शैला, लवकर ये. उजेड जायच्या आत हे नीट बघून घे."

काकूंनी हातातली कणीक परातीत टाकली आणि त्या बाहेर आल्या. "नीट बघून घे, नीट बघून घे! मी मरायला टेकल्यासारखं काहून दाखवून राहिलात सगळं? मी पाहत नाही, डॉक्टर. तुम्ही काय दाखवता ते नुसती ऐकत बसते. माझं पाहणं तुम्हीच संपवून टाकलं."

त्या रात्री तिघांनी गुपचूप पिठलं-पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बोलणंच सोडलं. दोन दिवस मैना मुकाट चालली. तिसऱ्या सकाळी काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या तो दांडा इकडे."

"अगं, तुला समोरचं..."

"समोर काय आहे? पाणी आहे. बोट तर काठ बघून चालवतात ना? काठ दिसतात मला."

आणि खरंच दिसत होते. त्या सरळ समोर बघायच्या आणि दोन्ही बाजूंचे काठ त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत आपोआप यायचे. पहिल्या वळणाला मैना काठच्या लव्हाळ्यांत घुसली, दुसऱ्याला झाडाच्या फांदीनं काकांची टोपी नेली. मग त्यांचा हात बसला. समोरून दुसरी बोट आली तर सांगायला मी पुढच्या टोकाला बसायचे. बाकी त्यांचं त्या बघायच्या.

वेल्सच्या अलीकडे एल्समेर नावाचं गाव लागतं. तिथं कनालला लागूनच तळी आहेत, मधे फक्त झाडांची एक ओळ. आम्ही पोचलो तेव्हा पहाटेचं धुकं उतरत होतं. कुठं पाणी संपतं आणि कुठं हवा सुरू होते, कळत नव्हतं. काका बोटीतल्या मागच्या बाकावर बसून एकाएकी म्हणाले, "आयुष्यभर ज्याला ज्याला झोपवलं, त्याला परत उठवलं मी. तुझ्याबाबतीत मला काहीच करता येत नाही, शैला."

काकूंनी इंजिन बंद केलं. "मग नका करू. बसा इथं माझ्याजवळ. आज तुम्हाला मला जेवढं दिसतं तेवढंच दिसून राहिलंय."

त्या दोघांना तसं धुक्यात बसलेलं मी आतल्या खिडकीतून बघितलं. इंजिन बंद झाल्यावर पाणकोंबड्यांचा आवाज फार जवळून येत होता. बोट किंचित वळत होती आणि कुणालाच ती धरावीशी वाटत नव्हती.

शेवटी ती दरी आली. काकांना उंचीची भयंकर भीती वाटते, हे त्या दिवशी उघड झालं. इतक्या लांबून हट्टानं तिथं आणणारा माणूस दरीच्या तोंडाशी पांढराफटक पडून केबिनमध्ये जाऊन बसला. त्या पन्हळीला एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पाण्याची कड, लोखंडाची कड आणि एकदम खाली झाडांचे शेंडे.

काकूंनी मैना आत घातली. पन्हळ इतकी अरुंद की बोट दुसरीकडे कुठं जाऊच शकत नव्हती. मध्यावर आल्यावर त्यांनी हाक मारली, "डॉक्टर, या बाहेर. डोळे मिटूनच या."

काका आले. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी काकूंचं कोपर धरलेलं. काकू सांगायला लागल्या, "खाली नदी आहे. दगडांवर फेस दिसतो. एक मैदान आहे, त्यात काहीतरी पांढरं हलतंय. मेंढ्या असतील नाहीतर पोरं असतील. तुमच्या डाव्या हाताला काहीच नाही, नुसती हवा. घाबरू नका. मी आहे."

मी पुढच्या टोकाला बसून ऐकत होते. मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले, दुपारी खुर्चीत वाचता वाचता. तोवर काकूंची नजर बरीच उतरली होती. उजेड आणि सावल्या, एवढंच उरलं होतं. मुलगा साउथहॅम्प्टनला डॉक्टर होता. तो त्यांना घेऊन गेला, पण त्या परत आल्या. "तिथं सगळे मला धरून धरून नेतात," म्हणाल्या. मग त्यांनी तिथल्या बुद्धविहारात येणाऱ्या चार बायकांना गोळा केलं. कुणी पासष्टीची, कुणी सत्तरीची, गुडघे दुखणाऱ्या, पाण्याला भिणाऱ्या. काकूंनी त्यांना बोट शिकवायला घेतली. स्वतः मागे उभ्या राहायच्या, इंजिनाच्या आवाजावरून आणि पायाखालच्या हेलकाव्यावरून सांगायच्या, "सुनंदा, काठाला लागलीस. सोड जरा. काहून घाई करून राहिली?"

माझा व्हिसा संपत आला आणि मी पुण्याला परतायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप घ्यायला कनालवर गेले, तेव्हा साड्यांवर जाड स्वेटर घातलेल्या त्या चौघी मैनेचे दोर सोडत होत्या. काकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि नाकावरून अंगठा फिरवला. "जा आता," म्हणाल्या, "आम्हालाही निघायचंय."

मैना निघाली. मी काठावरून हात हलवत राहिले. सुनंदाबाईंनी काकूंना काहीतरी सांगितलं असावं, कारण काकूंनीही हात वर केला. पण त्या पलीकडच्या काठाकडे तोंड करून, तिथल्या रिकाम्या झाडांना हात करत होत्या. जोरजोरात, उत्साहानं, बोट वळेपर्यंत करत राहणार होत्या.

जवळच एक दगडी पूल होता. मी पळत सुटले, पूल ओलांडला, ओल्या गवतातून घसरत पलीकडच्या काठावर उतरले आणि त्या जिथं हात करत होत्या, तिथं त्या झाडांखाली जाऊन उभी राहिले.