घडीताईचा फोन

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला सगळे घडीताई म्हणत. छापून आलेले मोठाले कागद पुस्तकाच्या आकारात दुमडायचे, हे तिचं काम. हातातली चपटी पट्टी कागदावरून अशी फिरवायची, की घडी पडे पण सुरकुती पडत नसे. शेजारच्या खोलीत कागद कापायचं यंत्र दिवसभर धाडधाड आपटायचं. तिथे वर्षानुवर्षं काढलेल्या माणसांना कमी ऐकू येऊ लागे. घडीताईला ती भीती नव्हती, कारण ती जन्मापासूनच बहिरी. "आम्ही नोकरी करून बहिरे झालो, ही बाई तयारीनिशी आली," असं फोरमन म्हणायचा, आणि त्याचे ओठ वाचून सगळ्यांत आधी हसायची ती हीच.

ती गरीब बिचारी वगैरे मुळीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नकला करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची सगळ्यांत गाजलेली नक्कल मालकाची. मालक फोन कानाला लावून बसलेले असत, दारात कुणी आलं की मान वर न करता ते नुसता तळहात दाखवत. थांबा, फोनवर आहे. मग बाहेर आग लागली असली तरी माणूस तिथेच थबकायचा. घडीताई डब्याच्या सुट्टीत तो तळहात हुबेहूब दाखवी आणि बायका हसून लोळायच्या.

खरं सांगायचं तर तिला त्या तळहाताचा हेवा वाटायचा.

तिला एकच भाऊ, धाकटा, तोही बहिरा. लहानपणी त्यांना हातांची भाषा शिकवणारं कुणी भेटलं नाही, म्हणून दोघांनी मिळून स्वतःचीच एक बनवली. त्या भाषेत घडीताईचं नाव म्हणजे एका तळव्यावर दुसरा तळवा दुमडून दाबणं, कारण लहानपणापासून हाती येईल ते ती दुमडून ठेवायची. धाकट्याचं नाव म्हणजे कानाची पाळी चिमटीत धरणं. वडील रोज त्याचा कान पिळायचे. जो कान मुळात कामाचाच नाही तो पिळून काय मिळणार, हे त्या भल्या माणसाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पुढे धाकटा सुतार झाला, लग्न केलं, आणि लाकडी सामानाच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून बायकोसह परदेशी गेला. बहीण-भाऊ दोघांचंही लिहिणं-वाचणं जेमतेम. घर जळत असलं तरी 'मी बरा आहे, तू कशी?' एवढंच लिहिणार. उरला फोन. तिकडून भावजय बोले, इकडून घडीताईची लेक. दोघींना ऐकू यायचं. लेक पाच वर्षांची असल्यापासून स्टुलावर चढून आईचा फोन घेत आली होती. पाच-दहा मिनिटं पोरीचं तोंड चालायचं, आणि मग वळून ती आईला हातांनी सांगायची, "सगळं ठीक."

"एवढा वेळ बडबडलीस, आणि माझ्या वाट्याला दोन शब्द?" घडीताई चिडायची.

"मामी तेच तेच बोलते गं आई!"

पोरीचं चुकत नव्हतं. पण घडीताईचा नवरा अचानक गेला तेव्हा तिला भावाला सांगायचं होतं की मला फार भीती वाटते. सांगणार कुणाच्या तोंडून? लेक तेव्हा सात वर्षांची. आईला भीती वाटते हे त्या पोरीनं फोनवर बोलायचं? तेव्हाही घडीताईनं हात हलवून कळवलं, सगळं ठीक आहे म्हणून सांग. ते ओझं तिच्या मनात तसंच राहिलं.

हे सगळं अजून हातातल्या फोनात माणसं दिसू लागली नव्हती त्या दिवसांतलं. लेकीचं लग्न झालं होतं, जावई त्याच घरात राहायला आला होता, आणि घडीताई निवृत्तीला टेकली होती. अशात एका सकाळी भावजयीचा फोन आला. लेक ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. घडीताईनं तो वाचला. ओठ वाचणाऱ्या बाईपासून चेहरा कसा लपणार?

"मामाच्या हाताला मशीनवर थोडं लागलंय," लेकीनं सांगितलं. "काळजीचं काही नाही."

"कुठला हात? बोटं?"

"मामी म्हणाली, आता बरं आहे."

"बरं म्हणजे किती? बोटं आहेत की गेली?"

लेकीनं पुन्हा फोन लावला, पुन्हा विचारलं. भावजय मूळची भित्री, कुणाला वाईट बातमी द्यायची म्हटलं की हिचीच गाळण उडायची. ती पुन्हा तेच म्हणाली, बरं आहे. पुढच्या महिन्यात तिनं फोटो पाठवला. कोट घालून सगळं कुटुंब ओळीनं उभं, आणि धाकट्याचे दोन्ही हात खिशात.

तो फोटो पाहून घडीताईच्या काळजाचं पाणी झालं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या कुणाची बोटं गेली तर त्याचं काम अडतं. धाकट्याची गेली तर त्याची जीभच गेली, आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारा लहानपणचा एकुलता एक माणूस गेला. कारखान्यात तिच्या हातून कागद वाकडे दुमडले जाऊ लागले. फोरमन ते गुपचूप बाजूला ठेवी.

जावईबापूंबद्दल आता बोलायला हवं. माणूस मनानं चांगला, पण यंत्र दिसलं की त्याच्या हातांना खाज सुटायची. त्यानं उघडलेला मिक्सर अजून कपाटावर तसाच उघडा पडला होता. एके दिवशी तो एक डबा घेऊन आला. हा डबा टीव्हीला लावायचा, फोनची तार त्याला जोडायची, टीव्हीवर कॅमेरा बसवायचा, की पलीकडचा माणूस टीव्हीत दिसतो. पलीकडेही तसाच डबा हवा. मामांच्या कारखान्यातल्या कुणाकडून त्यांनीही तो बसवून घेतला होता.

"आई, मामा टीव्हीत दिसणार!" लेकीनं सांगितलं.

घडीताईनं एकदा जावयाकडे आणि एकदा कपाटावरच्या मिक्सरकडे पाहिलं.

पण रविवारी दुपारी खरोखरच टीव्हीवर ठिपके आले, ठिपक्यांचे पट्टे झाले, आणि पट्ट्यांतून धाकट्याचा चेहरा वर आला. पडदाभर चेहरा! केस पांढरे, गाल उतरलेले, भुवया मात्र वडिलांच्याच. घडीताई सोफ्याच्या कडेवर पुढे सरकली. तिनं कानाची पाळी चिमटीत धरली, धाकट्याचं नाव घेतलं.

लेकीनं सवयीनं डब्यापाशी तोंड नेलं आणि ओरडली, "मामा, आवाज येतोय का?"

जन्माच्या बहिऱ्याला! जावई हसला, लेकीनं जीभ चावली. घडीताईला हसू आलं नाही. पडद्यावर धाकट्याचे खांदे हलत होते. तो काहीतरी बोलत होता, पण हात कुठेच दिसत नव्हते. हनुवटीखाली पडदा संपत होता.

लपवतोय, तिला वाटलं. खिशात लपवले तसे इथेही लपवतोय.

"हात दाखव!" ती हातांनी म्हणाली. "हात कुठे आहेत तुझे?"

धाकट्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"हात दाखव म्हणते ना!"

त्यानं हनुवटी उडवली. लहानपणी ती रुसून हात पाठीमागे बांधून बसायची, तेव्हा तो अशीच हनुवटी उडवायचा. काय झालं, बोलत का नाहीस?

"चित्र काय स्वच्छ आलंय!" जावई खूश होऊन म्हणाला. "अगदी जवळून घेतलंय. फोन म्हणजे काय, चेहरा तर दिसला पाहिजे."

घडीताईनं त्याचे ओठ वाचले आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटा विचारतोय, तू का बोलत नाहीस! म्हणजे त्यालाही आपला नुसता चेहराच दिसतोय. तिकडेही कुणीतरी ऐकू येणाऱ्या शहाण्यानंच कॅमेरा बसवलाय.

ती ताडकन उठली. टीव्हीसमोरचं टेबल पायानं ढकललं, जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची खेचली, आणि थेट पलीकडच्या भिंतीला पाठ लावून बसली. वाटेत जावयाचा चहा सांडला, तो सांडू दिला. मग दोन्ही हात उंच करून ती म्हणाली, "मागे हो! खुर्ची मागे घे!"

एवढ्या लांबून तिला धाकट्याचा चेहरा लहानसा दिसत होता. तो क्षणभर थांबला. मग उठला, पडद्यावर नुसता सदरा दिसला, खुर्चीची पाठ दिसली, आणि ती लांब लांब जात राहिली. धाकटा बसला, आणि त्यानं हात वर केले.

दोन हात. अंगठे दोन्ही. डाव्या हाताचं मधलं बोट पेरभर आखूड, शेजारचं थोडं वाकडं, बाकी सगळी बोटं जागच्या जागी. त्या हातांनी त्यानं एका तळव्यावर दुसरा तळवा दुमडला आणि दाबला. ताई.

घडीताईचा जीव भांड्यात पडला. तिला रडू फुटलं आणि रडता रडताच ती भांडायला लागली. "मग फोटोत हात खिशात का घातले होतेस रे, मेल्या?"

"थंडी होती, ताई!" धाकटा म्हणाला. "बर्फ पडत होता. तू येऊन उभी राहून बघ, तुझेही हात खिशात जातात की नाही!"

त्या आखूड बोटामुळे त्याचे काही शब्द किंचित बोबडे येत होते. तिनं लगेच त्याची नक्कल करून दाखवली. तो खुर्चीतच वाकून वाकून हसला. मग त्यानं मशीनवर काय झालं ते सांगितलं, ती किती घाबरली होती ते तिनं सांगितलं, आणि हसता हसता तिचे हात थांबले. इतक्या वर्षांनी भाऊ समोर होता, आणि मधे कुणीच नव्हतं.

"ते गेले ना," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा मला फार भीती वाटली होती. मी तुला खोटंच कळवलं."

"मला माहीत होतं," धाकटा म्हणाला. "पण मी तरी कुणाच्या तोंडून विचारणार होतो? पोरीच्या?"

बाजूला लेक जावयाला सगळं बोलून दाखवत होती. जन्माची सवय. "आई म्हणतेय, बाबा गेले तेव्हा..." आणि तिचा आवाज अडखळला. घडीताईला आवाज कुठला ऐकू यायला, पण डोळ्याच्या कडेनं तिला लेकीचे हलणारे ओठ दिसले आणि थांबलेले दिसले.

तिनं मान वळवली नाही. नजर पडद्यावरच ठेवून नुसता एक हात लेकीच्या दिशेनं वर केला, तळहात उघडा. फोनवर आहे.

लेक जागच्या जागी थबकली. क्षणभर ती त्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिनं जावयाच्या बाहीला धरून त्याला खोलीबाहेर नेलं, आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं.