अंग भरलं म्हणतात

वृषालीच्या नडगीवर मी अंगठा दाबला होता, तो खड्डा डोळ्यांपुढून जात नाही. अंगठा काढला तरी कातडी वर येईना, मळलेल्या कणकेसारखी.

वृषाली माझी मुलगी. धुळ्यात देवपुरात वाढली, बी.कॉम. झाली, साक्रीकडच्या एका गावात दिली. मुळात हाडकुळी. सासरी तिचं कौतुक झालं ते एवढंच, की अंग भरलं, सासर मानवलं. तिची सासू पार्वताबाई लग्नकार्यात तिचा दंड धरून बायकांना दाखवायची. "देखा, आमना घरनं दूध."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा बांगड्या मनगटात रुतलेल्या. झोक्यावर बसलीच नाही, धाप लागत होती.

"लघवीला फेस येतो गं आई. सासूबाई म्हणतात, मोरीत साबण कमी वापर."

धुळ्यात डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी, ती हिची फाटली आहे, म्हणाले. कामाचं ते लघवीतून वाहून जातंय आणि बाहेर पडायची ती घाण रक्तात साठतेय. अंगात भरलंय ते पाणी आहे. गोळ्या चुकवू नका, पाणी मोजून प्या.

वृषाली सासरी परतली, तर पार्वताबाईंनी त्यातला एकच शब्द ऐकला, मूत्रपिंड. म्हणजे मुतखडा. "खडा शे तिले. पाणी पे, पडी जाई." रोज तांब्याभर कुळथाचा काढा सुरू झाला. गोळ्या बंद, गोळ्यांनी म्हणे पाळणा हलत नाही. जावई राकेश मला म्हणाला, "आईने गावातल्या कित्येकांचे खडे पाडलेत."

न्यायला येते असं फोनवर म्हटलं, तर पार्वताबाई शांतपणे बोलल्या, "लई जावानं व्हई तं लई जा, इहीनबाई. मंग परत धाडू नका."

वृषालीने फोन हिसकावून घेतला. "आई, येऊ नकोस. माझं घर मोडेल."

आज व्हिडिओ कॉल केला. डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्यात. कालपासून लघवी जवळजवळ नाहीच, असं ती हळूच म्हणाली. तेवढ्यात सासूने तांब्या पुढे केला. पोर निमूट प्यायली आणि तिथेच ओकली.

पार्वताबाई हसल्या. "गोड बातमी शे वाटस."

वृषालीही हसली. ओठ हलले, चेहरा हलला नाही.

घर मोडायचं तर मोडू दे. माझा भाचा हितेंद्र गाडी घेऊन मला न्यायला निघालाय. आता राकेशला फोन लावते. तिला उठवून ओट्यावर बसव आणि मी येईपर्यंत कोणाला तांब्या तिच्या तोंडाला लावू देऊ नको, एवढं त्याला सांगायचंय.