बोट लावून पास

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात नोकरी करतो, तिथे अ‍ॅम्प्लिफायर तपासायची एकच रीत आहे. चालू करायचा, इनपुटच्या तारेला बोट लावायचं, स्पीकरमधून 'घूंऽऽ' आलं की पास. लग्नमांडवातले अ‍ॅम्प्लिफायर असेच वर्षानुवर्षं पास होत आले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. वरातीत खरखर ऐकायला कोण बसलंय? पण मी तिथे तयार केलेलं यंत्र वरातीसाठी नव्हतं.

जमिनीखालच्या पाइपाची गळती ऐकायचं यंत्र होतं ते. रस्त्यावर एक जड डबी ठेवायची. ती जमिनीची थरथर पकडते, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि माणूस हेडफोन लावून ऐकतो. खाली पाइप गळत असेल तर बारीक 'सूंऽऽ' येतं. पंचाईत अशी, की ट्रान्झिस्टर स्वतःही नेमका तसाच फुसफुसत असतो. गळती आधीच बारीक, त्यात त्याची फुसफुस. म्हणून मी पहिल्याच पायरीवर एकाच्या जागी चार ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी जोडले.

आमच्या शेठच्या डोळ्यांत ते चार खुपले. "एकानं काम होते ना? मंग चार काहून? बाकीचे तीन स्टेपनी आहेत का?"

"शेठजी, समजा भजनाले चार जण बसले," मी त्याला समजेल असं सांगू लागलो. "अभंग चौघं संगंच म्हणतात, म्हणून तो चौपट होते. पण खोकला ज्याचा त्याले, ज्याच्या त्याच्या वेळेवर येते. चौघांचा मिळून तो दुप्पटच भरते. म्हणजे अभंगाच्या मानानं खोकला अर्धा."

"मंग तीन खोकलणारे घरी पाठव ना!" शेठ म्हणाला आणि सगळा कारखाना हसला.

मी रजेवर होतो तेव्हा त्याने पहिली खेप काढली. प्रत्येक बोर्डावर एकच ट्रान्झिस्टर. बोट लावलं, घूं आलं, पास. बोटाने येणारा आवाज एवढा मोठा असतो की त्यापुढे एक काय नि चार काय, सारखेच. फरक कळतो तो शांततेत, आणि आमच्याकडे ग्राइंडर कधी बंद नसतो. परत आल्यावर मी भांड भांड भांडलो. "आवाज येते ना? झालं मंग," एवढंच त्याचं उत्तर. माल गेला तो गेलाच.

पुढे उन्हाळ्यात आमच्या तांड्यात नळाला पाणी येईनासं झालं. पुसदच्या पलीकडे आमचा तांडा. टाकीतून पाणी पुरेसं सुटायचं, तांड्यात पोचायचं निम्मंसुद्धा नाही. म्हणजे एक तर पाइप गळतोय, नाही तर वाटेत कुणीतरी पाणी काढतंय. ते शोधायला नळयोजनेच्या ठेकेदाराचा माणूस यंत्र घेऊन आला, त्या सकाळी मी घरीच होतो. डबी पाहताच ओळखली. छाती थोडी फुगलीसुद्धा.

तो डबी ठेवत ठेवत टाकीपासून तांड्यापर्यंत आला. मागे सगळा तांडा, कुणी हूं की चूं करत नव्हतं. शेवटी त्याने हेडफोन काढला. "लाइन चांगली आहे. पानी तुमी लोकंच मधातून चोरून राह्यले. नळ बंदच करा लागते."

तुमी लोकं. हा शब्द आम्हाला नवा नाही. आसपासच्या गावात कुणाची शेळी हरवली तरी आधी तांड्याकडे बोट जायचं, हे आजोबांकडून ऐकत मोठा झालो. पण तेव्हा बोट माणसाचं असायचं. आता यंत्राने सांगितलं होतं, आणि यंत्राशी वाद कोण घालणार?

मी हेडफोन मागून कानाला लावला. नुसती फुसफुस. तिच्याखाली नदी वाहत असती तरी कळलं नसतं. मागचं झाकण काढलं. एक ट्रान्झिस्टर आणि शेजारी तीन रिकाम्या जागा.

"भाऊ, याले ऐकूच येत नाई," मी म्हणालो.

"तुमाले लय समजते?"

"हे मीच बनवलं."

आमचे म्हातारे नाईक, तांड्याचे प्रमुख, पुढे आले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे आम्हाला चोर म्हणणारं यंत्र तुझंच?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग काढायचा कुणावर? नाईकांवर?

पुसदहून ट्रान्झिस्टर आणून दुपारी मी त्या जागा भरल्या. नाल्याजवळ डबी ठेवली आणि सूं आवाज असा स्वच्छ आला की नाईकांनाही हेडफोन लावून ऐकवला. पोरांनी तिथेच खणलं. पाइपाचा जोड सुटलेला, खाली नुसता चिखल. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बरं, जोडून देतो," आणि मोटरसायकलला किक मारली. चोर म्हणताना सगळा तांडा समोर होता. तो शब्द परत मात्र त्याने कुणासमोरच घेतला नाही.

शेठला सांगितलं, तर त्याचे डोळे चमकले. "मंग चारवालं महागाचं मॉडेल काढू. ज्याले पाहिजे तो घेईन." आधीच्या खेपेतली यंत्रं परत मागवू म्हणालो, तर म्हणाला, "तक्रार कोनाची आली का?"

हे सगळं मी घरी जेवताना याडीला, माझ्या आईला, रागारागाने सांगत होतो. तिला शेठचं काही वाटलं नाही. ती आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, "अशी किती यंत्रं गेली रे? ती जिथे जातील, त्या तांड्यांत तुझ्यासारखं पोर त्या दिवशी घरी असेल का?"