पडवी

भिकू मिस्तरींच्या हातातल्या दोरीला ओळंबा लोंबत होता आणि सगळे माझ्या मोबाइलकडे बघत होते. जुनं घर पाडून बांधायच्या नव्या घराच्या जोत्याचा पहिला चिरा मुहूर्तावर बसायचा होता. तिकडे परदेशातून माझा मुलगा भराभर इंग्रजीत बोलत होता, निम्मे शब्द गिळत.

"काकी, तुमचो झील काय म्हणता? पडवी ठेवची काय नको?" मिस्तरींनी विचारलं.

"मराठीत सांग रे," मी काकुळतीला आले.

"आई, घराचे ते शब्द मला नाही येत गं आता. पडवी म्हणजे काय?"

शाळेतून आल्यावर जिथे दप्तर भिरकावायचास, ती. जिथे बसून बाबा तुझी वाट बघायचे, ती. पण फोनवर मी एवढंच म्हणाले, "घरापुढची बसायची जागा रे." ज्या जागेचं नावही माणसाजवळ उरलं नाही, त्या जागी तो परत यायचा तरी कसा?

तो पुन्हा इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मला कळलं नाही, आणि परत विचारायचा धीरही झाला नाही. फोन बंद झाला.

"काय म्हणालो झील?" मिस्तरींनी विचारलं.

"ठेवा म्हणाला," मी सांगितलं.

मिस्तरींनी ओळंबा खाली सोडला. तो स्थिर होईपर्यंत मी बघत राहिले. वाट बघायला मला आता ती पडवी तेवढीच जागा होती.