आयव्हरची विकाऊ रायफल

वायाऊ खोऱ्यातल्या आयव्हर टलकला रायफल विकायची नव्हतीच. त्याला घरी माणसं यायला हवी होती. बायको गेली, गुडघे गेले, डोंगर सुटला, तेव्हा त्याने दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: हरणाच्या शिकारीची जुनी बोल्ट रायफल विकणे आहे. गिऱ्हाइकं आली. तो त्यांना चहा पाजायचा, घरी भाजलेले लोणी लावलेले स्कोन-पाव खिलवायचा, मनसोक्त गप्पा हाणायचा, आणि गिऱ्हाईक पाकिटाला हात घालू लागलं की चेहरा पाडून म्हणायचा, "खोटं कशाला बोलू? नळी तापली की गोळी डावीकडे जाते."

खोऱ्यात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? म्हाताऱ्याची बंदूक वाकडी मारते, हे घरोघर झालं आणि त्याच्या फाटकाकडे कुणी फिरकेना. आपल्याच थापेने आपलंच दार बंद करून घेणारा असा शहाणा विरळाच. उन्हाळाभर तो एकटा जेवला, रेडिओशी भांडला. शेवटी त्याने लांबच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली.

नर हरणं माजावर येऊन डुरकायला लागायच्या, म्हणजे शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर, ती जाहिरात वाचून लांबच्या ओमारू गावाहून नायरी नावाची तरुणी आली. आधी तिने परवाना दाखवला. नळीमागचा सरकता बोल्ट उघडून आत गोळी नाही ना, हे बोटाने चाचपलं. मग बोल्ट काढून नळी खिडकीच्या उजेडाला धरली.

"नळीतले पीळदार आटे अजून धारदार आहेत, काका. बोल्टचे अडकणारे खांदेही दोन्हीकडे सारखेच झिजलेत, म्हणजे काही वाकडं नाही."

"दिसायला गं. तापली की डावीकडे जाते."

नायरीने पर्समधली एक पावती काढली, नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवली आणि मागपर्यंत ओढत नेली. पावती कुठेच अडली नाही.

"लाकूड नळीला टेकतच नाही. मग नळी तापली तरी तिला ढकलणार कोण? गोळी डावीकडे का जाईल? चला, मागच्या कुरणात पाच गोळ्या झाडून बघू."

"नको," आयव्हर खिडकीबाहेर बघत म्हणाला. "सरळच जातात."

"मग असं का सांगता?"

"तू ही घेऊन गेलीस, की पुन्हा इथे कशाला येशील?"

नायरीने पावती पर्समध्ये ठेवली. "विकत घेतलेल्या बंदुकीने मारलेल्या पहिल्या हरणाची मागची तंगडी जुन्या मालकाची. ती रीत मी मोडणार नाही."

"ठाऊक आहे. लोक कुणाच्या तरी हाती धाडतात. तू स्वतः आणशील?"

"शब्द नाही देत, काका. फार लांब पडतं. जमलं तर येईन."

त्याला तिचा राग आला नाही. पण खोटं बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने रायफल तिच्या हवाली केली आणि फाटकापर्यंत लंगडत सोडायला गेला. गाडी दिसेनाशी झाल्यावर घरात येऊन त्याने फ्रीजर उघडला. वाटाण्यांची पाकिटं बाहेर काढून एका तंगडीपुरती जागा केली, आणि त्या संध्याकाळी नुसते वाटाणेच उकडून खाल्ले.