सरांची गोळी आणि बापूंचा कावळा

आमच्या पंचक्रोशीत मी भाषण केल्याशिवाय माणूस पुरता मेला, असं कोणी मानत नाही.

सोनईजवळच्या आमच्या गावात मी हायस्कूलला मराठी शिकवलं, निवृत्त झालो आणि दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं करू लागलो. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी मांडव पडतो, कर्णे लागतात, पिंड मांडले जातात आणि कावळा शिवेपर्यंत वक्ते बोलत राहतात. कावळा लगेच आला तर भाषण आटोपतं घ्यायचं, रुसला तर ताणायचं. या ताणण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही! (हे माझंच मत आहे, पण मी ते बऱ्याच जणांना पटवून दिलं आहे.)

तर अशा लोकप्रिय माणसाला बीपी निघालं. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सांगितली. एकच! गावातल्या प्रत्येक घराच्या चार पिढ्या मला तोंडपाठ, पण ही एक गोळी काही लक्षात राहीना. एकदा भर भाषणात घेरी आली आणि मी मयताच्या फोटोला मिठी मारून कसाबसा उभा राहिलो. लोकांना वाटलं, सर फार गहिवरले! पण कोणीतरी ही बातमी पुण्याला माझ्या लेकीपर्यंत पोचवली.

"अप्पा, आता बास झालं," स्वाती फोनवर म्हणाली. "महिनाभर बघते. गोळ्या नियमित झाल्या तर ठीक. नाहीतर घराला कुलूप, आणि तुम्ही दोघं कायमचे माझ्याकडे!"

लेक गुणाची, जावई सोन्यासारखा. पण त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, आणि शेजारी कोण राहतं हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. जो माणूस जगत होता हेच माहीत नाही, तो गेल्यावर मी त्याच्याबद्दल बोलणार काय? खरं सांगतो, गाव सुटायच्या नुसत्या कल्पनेने माझं जेवण कमी झालं.

स्वातीने माझ्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात झेंडूचं रोप होतं. गोळी घेऊन बटण दाबलं की रोपाला फूल यायचं. चुकवली की ते मान टाकायचं आणि तिकडे स्वातीला कळायचं. वेळ झाली की एक बाई गोड आवाजात म्हणायची, "नमस्कार, आपल्या औषधाची वेळ झाली आहे." मी म्हणायचो, "नमस्कार, बसा!" आणि पेपर वाचायला लागायचो. आठवड्याभरात झेंडूचा पाचोळा झाला.

"तुम्हाला गोड आवाज चालत नाही," स्वातीने निदान केलं. "त्यात घरातला आवाज भरता येतो. तुम्ही ज्याला घाबरता, त्याचा भरा."

असा आवाज जगात एकच! मी मोबाईल हिच्यासमोर धरला. आमची कुसुम एरवी शेतातून बोलली तर रस्त्यावरची एसटी थांबते. पण मोबाईल पाहताच तिने पदर सावरला आणि ग्रामसभेला उभी राहिल्यासारखी म्हणाली, "सर्वांना नमस्कार. तरी गोळी घ्यावी, ही नम्र विनंती."

"अगं, असं नाही! नेहमी भांडतेस तशी बोल!"

"मी भांडते?"

"नाही म्हणजे..."

"मी भांडते व्हय? आन् तुमी लई गुनाचे! अवो, घेतली का गोळी? न्हाई ना? मग जा वर! तिथं ठोका भाषनं! मागं रडायला मला येळ न्हाई, कांदा काढायचाय!"

बटण चालूच होतं. सगळं भरलं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार! आवाज आला की मी आंघोळ अर्धी टाकून गोळीकडे धावायचो. ही माहेरी गेली होती, तेव्हाही मी "घेतो, घेतो" म्हणत उठलो. बटण दाबेपर्यंत तो आवाज थांबायचा नाही, दर खेपेला चढत जायचा, आणि मोबाईलचा आवाज बंद केला तरी बोलायचा (ही स्वातीची करामत). झेंडू असा फुलला की दसऱ्याला विकता आला असता. महिना संपत आला. गाव सुटत नाही, अशी माझी खात्री झाली.

आणि बापू गेले. बापू म्हणजे आमच्या गावचे जुने पैलवान, नव्वदी ओलांडलेले. दहाव्याला पंचक्रोशी लोटली. गोळीची वेळ व्हायच्या आतच निघायचं होतं, म्हणून मी घाईत गोळी खिशात टाकली, भाषण झालं की घेऊ म्हटलं आणि घाट गाठला.

पिंड मांडले. कावळा समोरच्या बाभळीवर बसून बघत होता, पण खाली येईना. बापूंची काय इच्छा राहिली असेल? घरच्यांनी जिलेबी ठेवली, बिडी ठेवली. थोरल्या मुलाने "वाटण्या न भांडता करू" असा शब्द दिला. (त्यावर कावळ्याने पाठच फिरवली. त्याचाही विश्वास बसला नसावा.)

"सर, ताणा!" भटजींनी खूण केली.

मी ताणलं. बापूंच्या कुस्त्या संपल्या, बैल संपले, मी त्यांच्या आजोबांपर्यंत जाऊन आलो. शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "बापू आज वरून आपल्याला विचारत असतील..." आणि छातीवरच्या खिशातून, माईकच्या अगदी तोंडाशी, हिचा आवाज कडाडला:

"मी भांडते व्हय? घेतली का गोळी? न्हाई ना? मग जा वर!"

सगळ्या कर्ण्यांतून! नदीपलीकडे ऊस तोडणारी माणसं कोयते खाली ठेवून उभी राहिली. कुसुम बायकांच्या घोळक्यात बसली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर तिचं तोंड बंद आणि आवाज मांडवभर! शेजारच्या म्हातारीने तिला चक्क हात जोडले.

मी मोबाईल काढला. पण भाषण ताणून ताणून घाम फुटलेला, हात ओले. ओल्या बोटाला मोबाईल कुठला जुमानतोय! मी बटण दाबतोय आणि आवाज चढतोय. "तिथं ठोका भाषनं!" माईकवर हात दाबला, तर कर्णे किंचाळले. "मागं रडायला मला येळ न्हाई!" आणि समोर हार घातलेला बापूंचा फोटो, फोटोशेजारी बापूंची बायको, सखूआजी! मी मनातल्या मनात पुण्याला निघालो. अकराव्या मजल्याची लिफ्टसुद्धा दिसली.

शेवटी बोट सदऱ्याला पुसून बटण दाबलं, तेव्हा कुठे आवाज थांबला. सखूआजी काठी टेकत उठली.

"बरुबर बोलली पोर," ती म्हणाली. "मी बी ह्यांला रोज असंच सांगत हुते. गोळी दिली की गालात धरायचे, आन् मी वळले की चुलीत थुकायचे. मला वाटायचं, घेत्यात. नातवानं आत्ता सांगितलं, ते गेल्यावर." तिने फोटोवरचा हार सारखा केला. "घेतली असती, तर आजून चार दीस बसलो असतो दोघं वट्यावर."

इतकी भाषणं ठोकली, पण असं एक वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

"मास्तर, कुठंय तुमची गोळी?"

"खि... खिशात."

"मंग वाट कुनाची बघता? घ्या माझ्याम्होरं. आन् गालात धरू नका. जीभ दाखवा!"

कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. आयुष्यभर ज्या पोरांना मी बाकावर उभं केलं, त्यांच्यासमोर, त्यांच्या पोरांसमोर आणि दोन भावी आमदारांसमोर मी गोळी गिळली, आ केला आणि सखूआजीला जीभ दाखवली.

त्याच क्षणी कावळा झेपावला.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला.

"बापूंचा जीव सरांच्या गोळीत अडकला हुता!" मागून कोणीतरी ओरडलं. माझ्या अख्ख्या भाषणापेक्षा हे एक वाक्य जास्त गाजलं. (कुसुमचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते भाषण बंद पडलं, म्हणून कावळ्याला खाली यायचा धीर झाला.)

संध्याकाळपर्यंत या सगळ्याचा व्हिडिओ पुण्यात पोचला. स्वातीचा फोन आला. आधी ती हसली, मग रडली.

"राहा तिथंच, अप्पा," ती नाक ओढत म्हणाली. "जीभ तपासायला अख्खं गाव असताना मी कशाला?"

मी जिंकलो, असं मला वाटलं. मग परवा दुपारी एका पाव्हण्याचा फोन आला. "सर, आमच्या आण्णांसाठी जरा चार शब्द पायजे हुते."

मी लगेच आवाज खाली आणला. "अरेरे! फार मोठा माणूस गेला हो! दहावा कधी धरलाय?"

"कोण गेलं? आण्णा आत्ता जेवून उठलेत! लई दिवस झाले, गोळ्या टाळतात. काकूंना द्या फोन, त्यांच्याच आवाजात चार शब्द भरून पायजेत. तसले, दहाव्याला ऐकवले तसले!"

मी निमूट फोन दिला. हिने पदर खोचला, घसा खाकरला आणि मला म्हणाली, "तुमी गप बसा जरा, मला बोलायचंय."

आता आमच्या घरच्या वक्त्या त्या. मी समोर मोबाईल धरून उभा राहतो, आणि हात कोरडे ठेवतो.